थांबवली असती की थांबवायला हवी होती?

गेल्या वर्षी आम्ही भोसरीतलं जुनं घर सोडून मोशीला फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सामान बांधताना माळ्यावरून पत्र्याची एक पेटी निघाली. ईएसआयचं कार्ड, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, माझी दहावीची मार्कलिस्ट, आणि एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये इंग्रजीत टाइप केलेले दोन कागद. वर तारीख २००३ सालची. खाली पप्पांची सही, मराठीत, ‘ण’ची शेपटी खाली ओढलेली.

२००३ साली मी सहा वर्षांचा होतो. पप्पा एमआयडीसीत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. डायमध्ये जॉब अडकला, तो काढायला त्यांनी हात घातला आणि प्रेसनं दुसरा स्ट्रोक मारला. डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली. एवढं मला माहीत होतं. पप्पा चहाचा कप उजव्या हातानंच का धरतात, हे आमच्या घरात कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही. माहीत नव्हतं ते हे, की अपघातानंतर त्यांचीच चौकशी झाली होती. तो कागद म्हणजे त्या चौकशीतला त्यांचा जबाब.

जबाबात मधोमध एक वाक्य आहे. आय शुड हॅव स्टॉप्ड द मशीन. पूर्णविराम. पुढचं वाक्य, द जॉब वॉज अर्जंट.

वाचून मला राग आला तो पप्पांचा. कोण असं लिहून देतं? ‘मी मशीन थांबवायला हवी होती’, म्हणजे सरळ कबुली. दुसऱ्या कागदावर त्या कबुलीचं फळ होतं. कामगारानं हलगर्जीपणा स्वतःच मान्य केला आहे, सबब एक वार्षिक वेतनवाढ कायमची बंद. बोटांचे पैसे ईएसआयमधून मिळाले, कारण तिथे चूक कुणाची हे विचारत नाहीत. पण वेतनवाढ गेली ती गेलीच. महिना १८० रुपये. २०१९ ला ते रिटायर झाले. मी सवयीनं मोबाइलवर हिशेब केला. सोळा वर्षं, १९२ महिने, ३४,५६० रुपये, आणि त्यावरचा पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी वेगळी.

पप्पांना विचारलं तर म्हणाले, “मी असं कुठं म्हटलं? मी म्हटलं, मशीन थांबवली असती साहेब, पण फोरमन म्हणाले गाडी उभी आहे, लाइन थांबवू नको.”

थांबवली असती. थांबवायला हवी होती. मराठीत या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक परिस्थिती सांगतं, दुसरं चूक सांगतं. मग एकाचं दुसरं झालं कसं? मी कोड लिहून पोट भरतो, भाषेचा अभ्यासक नाही. पण एका शब्दानं सोळा वर्षं पगार कापला असेल तर तो बग शोधायलाच पाहिजे, म्हणून गेले काही महिने रात्री तेच वाचतोय.

आधी मराठी. शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ पाठ केले होते, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. मार्कांसाठी. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हा संकेतार्थ. जे घडलं नाही त्याच्याबद्दल, अट घालून बोलायचं. आत्याबाईला मिशा असत्या तर, ही आपली म्हणसुद्धा त्याच खात्यातली. ‘त्यानं यावं’ हा विध्यर्थ, यात कर्तव्य आहे, इच्छा आहे. ही मांडणी आपल्यापर्यंत आली ती मोठ्या लोकांच्या हातातून. विल्यम कॅरीनं १८०५ मध्ये सेरामपूरला इंग्रजीतून मराठीचं व्याकरण छापलं, दादोबा पांडुरंगांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चं, आणि मोरो केशव दामल्यांचं जाडजूड ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. (हे दामले कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ. एका घरात एवढं मराठी!)

मला सगळ्यात आवडला तो ‘पाहिजे’. रोज शंभरदा वापरतो, पण ते ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप आहे हे माहीत नव्हतं. जुन्या मराठीत कीजे, बोलिजे, जाणिजे अशी रूपं सर्रास होती. ‘केलं जातं’, ‘बोललं जातं’ असा त्यांचा अर्थ. ती सगळी गेली, मागे राहिली दोन, ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’. तेव्हा ‘पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाहिलं जातं’, ज्याची वाट पाहिली जाते, जे शोधलं जातं ते. त्याला स्वतःचा भूतकाळही नाही. मागचं बोलायचं तर शेपटाला ‘होतं’ लावावं लागतं. जायला पाहिजे होतं. ‘हवं’चंही तसंच, हवं होतं. आणि हे ‘होतं’ लागलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, गेला नाही.

इंग्रजीत मात्र कर्तव्य शोधाशोधीतून आलेलं नाही, उधारीतून आलंय. ‘शुड’ हा ‘शॅल’चा भूतकाळ, आणि हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘शॅल’चा अर्थ होता देणं लागणे. त्याचा जर्मन चुलतभाऊ ‘शुल्ड’ आजही कर्ज आणि अपराध या दोन्हींना चालतो. ‘ऑट’ हाही ‘ओ’ म्हणजे देणं असणे, याचाच जुना भूतकाळ. ‘वुड’ हा ‘विल’चा, म्हणजे इच्छेचा भूतकाळ. ‘कुड’ हा ‘कॅन’चा, आणि ‘कॅन’ म्हणजे मूळचं ‘माहीत असणे’. ‘कुड’च्या स्पेलिंगमधला एल तर उगाच आहे. शुड-वुडमध्ये तो होता म्हणून यातही घुसवला, कॉपी-पेस्ट.

पुढे झालं असं की या भूतकाळी रूपांनी भूतकाळाचं काम सोडून दिलं आणि ती ‘घडलं असतं तर’च्या कामाला लागली. मग खरोखर मागचं बोलायचं कसं? तर पुढे ‘हॅव’ जोडून. शुड हॅव, वुड हॅव, कुड हॅव. जुन्या सिस्टिमवर नवा पॅच. ‘मस्ट’ची तर आणखी मजा. तोही मुळात भूतकाळच, त्यामुळे ‘मस्ट हॅव गॉन’ म्हटलं की अर्थ निघतो ‘गेला असणार’. ‘जावं लागलं’ म्हणायला ‘हॅड टू’ उसना आणावा लागतो. आपण मराठी माध्यमाची पोरं इथे हटकून आपटतो. माझ्या पहिल्या नोकरीत मी क्लायंटला लिहिलं होतं, आय मस्ट हॅव रिस्टार्टेड द सर्व्हर. मला म्हणायचं होतं, रिस्टार्ट करावा लागला. त्यानं वाचलं, ‘बहुधा मीच रिस्टार्ट केला असेल’. अर्धा तास कॉलवर सगळे लॉग तपासत होते.

इथपर्यंत ‘शुड हॅव’ म्हणजे ‘करायला हवं होतं’च. पप्पांच्या वाक्याची सुटका नव्हती. मग मी जॉन वॉलिसपर्यंत पोचलो.

वॉलिस हा ऑक्सफर्डचा गणिताचा प्रोफेसर. इंग्लंडच्या यादवी युद्धात त्यानं पार्लमेंटसाठी शत्रूची सांकेतिक पत्रं फोडली. अनंताचं चिन्ह, तो आडवा आठ, गणितात आणला तोही यानंच, १६५५ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी, १६५३ मध्ये, त्यानं लॅटिनमधून इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि त्यात नियम घातला. साधा भविष्यकाळ सांगायचा तर ‘मी’ आणि ‘आम्ही’ला शॅल, बाकी सगळ्यांना विल. उलट वापरलं तर अर्थ बदलतो, निश्चय, धमकी, हुकूम. हा नियम पुढे शुड-वुडलाही लागू झाला. म्हणजे अट असलेलं वाक्य तिसऱ्या माणसाचं असेल तर ‘ही वुड हॅव स्टॉप्ड’, पण बोलणारा स्वतःबद्दल बोलत असेल तर, आय शुड हॅव स्टॉप्ड.

म्हणजे, मी थांबवली असती.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मी उठून पेटी उघडली.

हा नियम खुद्द इंग्रजांनाही धड जमत नव्हता. फाउलर बंधूंनी १९०६ च्या ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये शॅल-विलवर पानंच्या पानं खर्च केली आणि वर मान्य केलं की ज्यांच्या अंगात हे जन्मतः नाही त्यांना ते शिकून येणं अवघड. स्कॉटिश आणि आयरिश माणसं हा भेद पाळत नसत. त्यावरून लंडनवाले विनोद करत की बुडणारा आयरिश माणूस ओरडतो, मी बुडणारच, खबरदार कुणी वाचवलं तर! बिचारा मदत मागत असतो, पण शॅल-विलची अदलाबदल झालेली, म्हणून काठावरचे सभ्य गृहस्थ त्याच्या इच्छेचा मान राखतात. अमेरिकेनं हा भेद कधी फारसा मनावर घेतला नाही. आज जे इंग्रजी आपण मीटिंगमध्ये, नेटफ्लिक्सवर, कोडच्या कॉमेंटमध्ये वाचतो ते मुख्यतः अमेरिकन. त्यात ‘आय शुड हॅव’चा एकच अर्थ उरलाय, चुकलो.

पण हिंदुस्थानात हा नियम टिकला, इंग्लंडात तो विरत चालला तरी. आपल्याकडे इंग्रजी ऐकून नाही, पुस्तकातून शिकलं गेलं. मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घोटल्या गेल्या, मराठी वाक्य डावीकडे, त्याचं इंग्रजी उजवीकडे. मग आले रेन आणि मार्टिन. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि नंतर ‘बो जेस्ट’ नावाची गाजलेली कादंबरी लिहून गेले. त्यांचं व्याकरण आजही अप्पा बळवंत चौकात मिळतं. नियम तिथे फ्रिजमध्ये ठेवल्यासारखा ताजा राहिला.

जबाब लिहून घेणारे हेडक्लार्क रिटायरमेंटला आले होते. सगळे कामगार त्यांना भाऊसाहेब म्हणत. पप्पांच्या सांगण्यानुसार जुनी मॅट्रिक, अक्षर मोत्यासारखं, आणि इंग्रजी असं की साहेबसुद्धा त्यांना स्पेलिंग विचारत. पप्पा मराठीत बोलले, भाऊसाहेबांनी मनातल्या मनात उलटं करून इंग्रजीत टाइप केलं. मी त्याच फोल्डरमधले बाकीचे कागद पाहिले. पप्पांचा रजेचा एक अर्ज भाऊसाहेबांनीच टाइप केलेला. आय शुड बी ग्रेटफुल. तिथे ‘शुड’चा अर्थ कर्तव्य नाही, ‘आभारी होईन’ एवढाच. आता हा साचा तर सगळेच वापरतात, त्यावरून खटला जिंकता येणार नाही हे मलाही कळतं. पण खाली आणखी एक वाक्य होतं, आय शुड हॅव अप्लाइड अर्लियर हॅड द टेलिग्राम रीच्ड मी. तार वेळेवर मिळाली असती तर आधीच अर्ज केला असता. इथे साचा नाही. इथे वॉलिसचा नियम आहे, पावणेचारशे वर्षांचा, भोसरीच्या टाइपरायटरवर.

म्हणजे भाऊसाहेबांनी बरोबर लिहिलं होतं. त्यांच्या इंग्रजीत बरोबर. वाचणारा मॅनेजर नव्या इंग्रजीचा, त्यानं त्याच्या इंग्रजीत बरोबर वाचलं. आणि मधल्या मध्ये पप्पा हलगर्जी ठरले.

मराठी जबाबाचं इंग्रजी करून न्याय देण्याची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यावरचं भांडणही जुनं. चिंचवडच्या चापेकरांनी २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळी घातली. त्यानंतर त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला भरला गेला, तो ‘केसरी’तल्या मराठी मजकुराच्या इंग्रजी भाषांतरावर. नऊ ज्युरर. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात तर टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि हायकोर्टाच्या भाषांतरकाराची एकेका शब्दावरून उलटतपासणी घेतली. मूळ मराठीत नसलेली धार इंग्रजीत चढली आहे, असा त्यांचा मुद्दा होता. समोर सात युरोपियन आणि दोन पारशी बसलेले. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. टिळकांना निदान उलटतपासणी घेता आली. ते वकिलीची परीक्षा पास झालेले होते, आणि जगातल्या कुठल्याही भाषांतरकाराशी भांडायला तयार होते.

पुढे कायदे सुधारले. २०२४ पर्यंत लागू असलेली १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता सांगत असे की आरोपीचा जबाब शक्यतो तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत नोंदवावा. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत फलकावर लावायची सक्ती होती. पप्पांच्या कारखान्यात गेटाजवळ तो फलक होता, काचेच्या पेटीत, मराठीत, त्यांना आठवतो. म्हणजे काय करायचं नाही ते मराठीत सांगितलं होतं. केलं की नाही, ते मात्र इंग्रजीत लिहून घेतलं. खातेअंतर्गत चौकशी म्हणजे फौजदारी कोर्ट नाही, तिथला तो नियम इथे बांधील नव्हता.

माझ्या ऑफिसात, हिंजवडीला, सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो. त्या डॉक्युमेंटमध्ये ‘शुड हॅव’ लिहायला मनाई आहे. ही पद्धत सॉफ्टवेअरमध्ये रुजवण्यात एट्सी कंपनीच्या जॉन ऑलस्पॉचा २०१२ मधला लेख मोठा. त्याच्या मागे सिडनी डेकरसारखे अपघातांचे अभ्यासक आहेत. डेकर म्हणतो त्याचा मथितार्थ असा की ‘त्यानं अमुक करायला हवं होतं’ हे वाक्य जे घडलंच नाही त्याबद्दल बोलतं. जे घडलं ते का घडलं, त्या क्षणी त्या माणसाला तेच शहाणपणाचं का वाटलं, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. डेकरचं पहिलं हँडबुक २००२ चं. पप्पांच्या बोटांच्या एक वर्ष आधी. पण ते विमानवाल्यांसाठी होतं. प्रेसवाल्यांपर्यंत यायला वेळ लागला. चाकणच्या मोठ्या प्लांटमध्ये आता ‘पाच वेळा का’ विचारायची जपानी पद्धत भिंतीवर लावलेली असते. माझा एक शाळामित्र तिथे क्वालिटीला आहे. तो म्हणतो, चौथ्या ‘का’ला ऑपरेटरचं नाव येतं आणि पाचवा कुणी विचारत नाही.

मी परवा एका पोस्टमॉर्टेमला एका ज्युनियर मुलीच्या चुकीबद्दल बोलत होतो. इंग्रजीत अगदी सांभाळून, नियमाप्रमाणे. मग कॉल संपल्यावर मराठीत म्हणालो, “अगं, एकदा विचारायला हवं होतंस.” ती काही बोलली नाही. नुसती लॅपटॉपकडे बघत राहिली.

आता खरं सांगायचं ते राहिलंय. माझी ही सगळी थिअरी मला भयंकर आवडली होती. वॉलिस, तर्खडकर, रेन, भाऊसाहेब, एका रांगेत. कुणी वाईट नाही, फक्त दोन इंग्रज्यांची गल्लत. रविवारी चहा पिताना मी ती पप्पांना समजावली, कागद समोर ठेवून, बोट फिरवत. त्यांनी शांतपणे ऐकलं.

मग म्हणाले, “वाचून दाखवलं होतं मला भाऊसाहेबांनी. सही घ्यायच्या आधी, मराठीत. ‘मशीन थांबवली असती’ असंच म्हणाले ते. तू म्हणतोस ते बरोबरच आहे.”

मी खूश झालो. पुरावा मिळाला. आणि मग माझी नजर पुढच्या वाक्यावर गेली. द जॉब वॉज अर्जंट. पप्पा म्हणाले होते, ‘पण फोरमन म्हणाले’. ‘पण’ कुठाय? फोरमन कुठाय? ‘थांबवली असती’ला जी अट लागते, जिच्याशिवाय मराठीत ते वाक्य लंगडं राहतं, ती अटच गायब होती. रजेच्या अर्जात तारेची अट भाऊसाहेबांनी लिहिली होती. इथे ती असती तर जगातल्या कुठल्याही मॅनेजरला ‘शुड हॅव’ कबुली वाटलं नसतं. हे वॉलिसनं केलेलं नाही. तर्खडकरांच्या कुठल्याच पाठात फोरमनचं नाव गाळायला शिकवत नाहीत.

“फोरमन काय म्हणाले, ते वाचलं का त्यांनी?” मी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मीपण विचारलं नाही. भाऊसाहेबांची पोरगी लग्नाची होती, रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं. फोरमन साहेबांचा पाव्हणा.” त्यांनी कागद घडी घालून फोल्डरमध्ये ठेवला. “आणि हाताला टाके होते. कोण भांडतंय.”

“पण पप्पा, विचारायला…” एवढं म्हणून मी थांबलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुढचे दोन शब्द त्यांना ऐकू आले असावेत. मग पेटीचं झाकण लावलं आणि ती नव्या घरात कुठे ठेवायची ते आईला विचारायला उठले.